घटमालेतील दुबळा घट



१५ सप्टेंबर २०२३ या दिवशी मुंबईत अंधेरी पूर्वेच्या आगरकर चौकात बरीच गर्दी जमली होती. निमित्त तसे लहानच. तिथून सीप्झकडे जाणारी ४१५ क्रमांकाची बेस्टची तांबडी दुमजली बस त्या दिवशी अखेरची फेरी करणार होती. १९३७ साली मुंबईत दुमजली बस आली, तेव्हापासूनची ही परंपरा. लोकांनी गाडीला हार घातले, फोटो काढले, आणि वर्तमानपत्रांनी एखादा वडीलधारा माणूस जावा तसे तिच्यावर लेख लिहिले. दुमजली बस मात्र मुंबईतून गेलेली नव्हती. त्याच वर्षी फेब्रुवारीत विजेवर चालणारी नवी दुमजली बस छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते एन.सी.पी.ए. या मार्गावर धावू लागली होती. तिच्या पोटात डिझेलची टाकी नाही. लिथियमची बॅटरी आहे, आणि तिच्यात २३१ युनिट वीज मावते. आपल्या खेड्यातल्या साध्या घराला दोन-अडीच महिने पुरेल एवढी वीज ही गाडी सकाळी पोटात घालून निघते.

मी इतिहास शिकवणारा माणूस. त्याने बॅटरीच्या कामात कशाला नाक खुपसावे, असे आपल्याला वाटेल. पण इतिहास म्हणजे काही केवळ राजे आणि लढाया नव्हेत. त्या जुन्या बसपासून या नव्या बसपर्यंत येताना एक जुने दुखणे आपल्याबरोबर चालत आले आहे, आणि आता ते आपल्या घरातल्या स्कूटरपर्यंत व शेतातल्या फवारणी पंपापर्यंत येऊन पोचले आहे. त्या दुखण्याची ही हकीकत आहे.

आपल्याकडे शास्त्राच्या पुस्तकांनी बॅटरीला एक फार चांगला शब्द दिला आहे : घटमाला. एक सेल म्हणजे एक घट. एका घटाचा दाब अगदी थोडा असतो. शिशाच्या घटाचा २ व्होल्ट, लिथियमच्या घटाचा सव्वातीन ते पावणेचार व्होल्ट. एवढ्यावर दिवा लागेल, बस चालणार नाही. म्हणून घट एकापुढे एक जोडायचे. यालाच एकसर जोडणी म्हणतात. मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत शिशाचे सहा घट असतात. मोठ्या बसला साडेसहाशे व्होल्टच्या आसपास दाब लागतो. एका घटाचे ३.६ व्होल्ट धरले, तर हिशोबाने एका माळेत १८० घट झाले.

आता हे घट खरोखरीच मातीचे घट आहेत अशी कल्पना करा. अंगणात दहा घट ओळीने मांडले आहेत. नियम असा की, भरायचे तर प्रत्येकात एकाच वेळी एकेक तांब्या ओतायचा, आणि काढायचे तर प्रत्येकातून एकाच वेळी एकेक तांब्या काढायचा. एकसर जोडणीत हाच नियम चालतो, कारण सगळ्यांमधून प्रवाह एकच वाहतो. सगळे घट सारखे असतील तर काहीच अडचण नाही. पण कुंभाराच्या हातचे दोन घट तरी कधी अगदी सारखे झाले आहेत काय? एक थोडा लहान, एक थोडा झिरपणारा, एक उन्हात ठेवलेला. लहान घट आधी भरतो आणि वाहू लागतो; बाकीचे अजून अर्धवटच असतात. काढताना तोच आधी रिकामा होतो; इतरांत पाणी असूनही काढणे थांबवावे लागते. म्हणजे दहा घटांच्या माळेची ताकद सगळ्यांत दुबळ्या घटाएवढी. बैलजोडीतला एक बैल थकला की नांगर त्याच्याच चालीने चालतो, हे आपल्याला मी सांगायला नको.

हे दुखणे घटमालेइतकेच जुने. १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते याने शिशाच्या पत्र्यांचा आणि गंधकाम्लाचा पुन्हा पुन्हा भरता येणारा घट तयार केला, आणि पुढची शंभर वर्षे विजेचा साठा म्हणजे शिसे असे समीकरण होऊन बसले. आपल्या मुंबईत ही शिशाची बॅटरी दाराआडच राहिली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची आगगाडी धावली; जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली मार्गावर विजेच्या गाड्या सुरू झाल्या. लोकांनी गाडी पाहिली. उपनगरांतल्या सबस्टेशनांच्या एका बाजूच्या खोलीत काचेच्या आणि पुढे रबरी भांड्यांच्या रांगा असत, त्या कुणी पाहिल्या नाहीत. मुख्य वीज गेली तरी बटणे चालावीत, धोका झाल्यास पुरवठा तोडता यावा, म्हणून ती घटमाला. टेलिफोन एक्स्चेंजमध्येही तेच : २४ घट, ४८ व्होल्ट. लांब पल्ल्याच्या गाडीच्या डब्याखाली दिव्या-पंख्यांसाठी ११० व्होल्टची माळ असे, म्हणजे ५६ घट.

या खोल्यांत एक माणूस असे. त्याचा कामाचा कोट अॅसिडने भोके पडलेला. हातात काचेची नळी आणि रबरी फुगा असलेला हायड्रोमीटर, दुसऱ्या हातात डिस्टिल्ड पाण्याची झारी. तो दर घटातले अॅसिड नळीत ओढून किती दाट आहे ते पाही. भरलेल्या घटात आकडा १.२५० च्या जवळपास, उतरलेल्यात १.१५० च्या आसपास. आकडे वहीत लिहायचे. रोज सगळे घट तपासणे शक्य नसे, म्हणून माळेतला एखादा घट नमुन्यादाखल निवडत. त्याला पायलट सेल म्हणत. वर्गाचा मॉनिटर म्हणा ना! आणि महिन्या-दोन महिन्यांनी एकदा 'इक्वलायझिंग चार्ज' द्यायचा. म्हणजे काय, तर माळ पूर्ण भरल्यावरही थोडा वाढीव दाब ठेवून सावकाश भरतच राहायचे. जे घट भरले आहेत त्यांत पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि प्राणवायूचे बुडबुडे येतात. जास्तीची वीज त्या बुडबुड्यांत खर्च होते, घट बिघडत नाही. दरम्यान मागे राहिलेले घट हळूहळू भरत येतात. सगळ्या भांड्यांतून सारखे बुडबुडे येऊ लागले की काम झाले. मग उडालेल्या पाण्याची भर झारीने घालायची. हायड्रोजन पेटतो, म्हणून खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि बिडी बाहेर ओढायची!

आज ज्याला इंजिनियर 'सेल बॅलन्सिंग' म्हणतात, ते या कोटवाल्या माणसाचेच काम. मला त्याच्याविषयी फार आदर वाटतो. त्याचे नाव कुठल्याही अहवालात येत नाही. बॅटऱ्या करणारे कामगारही उपनगरांतच होते. घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात लालबहादूर शास्त्री मार्गाच्या आजूबाजूला कारखान्यांची जी रांग होती, तीत कांजूरमार्गला स्टँडर्ड बॅटरीज कंपनीचा कारखाना होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो एक्साइडकडे गेला. त्या पट्ट्यात आता बहुतेक ठिकाणी उंच इमारती दिसतात.

खेड्यांत घटमाला आली ती रेडिओबरोबर. १९५६ साली पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांचा प्रयोग झाला. गावकऱ्यांनी आठवड्यातून दोनदा एकत्र बसून पुणे केंद्राचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. या प्रयोगाची पाहणी केली ती मुंबईच्याच उपनगरात, चेंबूर-देवनारला असलेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेने. ज्या गावी वीज नव्हती तिथे रेडिओ बॅटरीवरच चालणार. व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओला ९० व्होल्टची कोरडी बॅटरी लागे. दीड व्होल्टचा एक याप्रमाणे तिच्यात ६० लहान घट. त्यांतले दोन-चार ढिले पडले की आवाज बसला, आणि छप्पन्न चांगले घट असलेली बॅटरी उकिरड्यावर गेली. तिथे ना हायड्रोमीटर, ना झारी.

एक माझीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी मी ज्या कॉलेजात होतो, तिथे वीज गेल्यावर कार्यालय चालू राहावे म्हणून इन्व्हर्टर होता. त्याला चार बॅटऱ्या एकसर जोडलेल्या. चार वर्षांनी एक बिघडली. काटकसर म्हणून समितीने ठरवले की तीच तेवढी नवी आणावी. त्या समितीत मीही होतो आणि मीही मान डोलावली. दुकानदाराने सांगून पाहिले, आम्ही ऐकले नाही. नवी बॅटरी भरायला वेळ घेई, तोवर जुन्या तिघी उकळत. उतरताना जुन्या आधी आडव्या होत, आणि त्यांचे ओझे घेऊन नवीही खंगली. वर्षभरात चारही भंगारात गेल्या. एकीच्या पैशात काम भागवायला गेलो आणि पाचींचे पैसे मोजले.

पण तरीही, आमचे नुकसान झाले ते पैशांचे. शिशाची बॅटरी मुळात सोशीक. जास्त भरली तर तिचे पाणी उडते, कमी भरली तर तिचे आयुष्य घटते. लिथियमची गोष्ट निराळी आहे, आणि म्हणूनच हे भाषण.

लिथियम हा सगळ्यांत हलका धातू. एकाच वजनात शिशाच्या चौपट-पाचपट वीज त्याच्या घटात मावते, म्हणून साऱ्या जगाचे डोळे त्याच्याकडे लागले. १९८० च्या दशकात कॅनडातल्या मोली एनर्जी या कंपनीने लिथियम धातूचे घट बाजारात आणले. १९८९ साली जपानात एका फोनमधली बॅटरी पेटली आणि तो सारा माल परत घ्यावा लागला. मग शुद्ध धातू टाळून लिथियमचे केवळ आयन इकडून तिकडे ये-जा करतील असा घट निघाला. १९९१ साली सोनी कंपनीने तो विकायला आणला. या शोधामागचे तिघे, जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो, यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. याच गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत अक्षय पाढी या ओडिशाच्या संशोधकाने लोखंड आणि फॉस्फेट वापरून जो घट सिद्ध केला, त्याचा निबंध १९९७ साली प्रसिद्ध झाला. हा घट थोडा जड, पण जास्त शांत स्वभावाचा. आज कितीतरी बसगाड्या, रिक्षा आणि सौरदिवे त्याच्यावर चालतात.

शांत झाला तरी तो शेवटी लिथियमचाच घट. त्याच्यात पाणी नाही, बुडबुड्यांची पळवाट नाही. घटाचे तोंड पक्के बंद. मघाचे दहा घट पुन्हा डोळ्यांपुढे आणा. आता प्रत्येकाला झाकण घालून लाखेने बंद केले आहे. लहान घट भरला, तरी आपण ओततोच आहोत. तो वाहणार नाही, तो फुटेल. नेहमीच्या लिथियम घटाची मर्यादा ४.२ व्होल्ट, लोह-फॉस्फेटच्या घटाची ३.६५. तिच्यापुढे रेटले तर आतला द्रव विघटू लागतो, उष्णता वाढते, वाढलेल्या उष्णतेने विघटन आणखी जोराने होते. गंजीला आग लागावी तसा एक घट शेजारच्याला पेटवतो. उलट फार उतरवले तरी आतली रचना बिघडते आणि पुढच्या वेळी भरताना धोका उभा राहतो.

म्हणजे शिशाच्या माळेत जो माणूस महिन्यातून एकदा येऊन गेला तरी चालत असे, त्याला लिथियमच्या माळेत प्रत्येक घटापाशी चोवीस तास बसवायला हवे. तो बसवला आहे. माणसाऐवजी नखाएवढी विद्युतयंत्रणा आहे, इतकेच. तिला बी.एम.एस. म्हणतात, म्हणजे बॅटरीची कारभारीण. ती प्रत्येक घटाचा दाब मोजते, जागोजागचे तापमान पाहते, किती प्रवाह आत आला आणि किती गेला याचा जमाखर्च ठेवते. एक जरी घट वरच्या मर्यादेला लागला तर भरणे तोडते. एक जरी खालच्या मर्यादेला गेला तर गाडी थांबवते.

आणि ती घट समान करते. याच्या दोन रीती आहेत. पहिली साधी : जो घट पुढे गेला आहे त्याच्या दोन टोकांना एक लहानसा रोध जोडायचा आणि त्याची जादा वीज उष्णतेत जाळून टाकायची, म्हणजे मागचे गाठतील. दुसरी हुशारीची : भरलेल्या घटातली वीज धारित्राच्या किंवा तारेच्या वेटोळ्याच्या साहाय्याने उचलून रिकाम्या घटात नेऊन ओतायची. दुसरीत वीज फुकट जात नाही, पण ती महाग आणि नाजूक. म्हणून बहुतेक गाड्यांत पहिलीच दिसते. वीज जाळायची हे ऐकून आपल्या काटकसरी मनाला कसेसेच होते, पण जळते ती फार थोडी.

ती थोडी आहे याचाच एक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. समजा १०० अँपिअर-तासांचा घट आहे आणि तो इतरांपेक्षा १ टक्का पुढे गेला आहे. म्हणजे १ अँपिअर-तास जादा. रोधातून जाणारा प्रवाह समजा एका अँपिअरचा दहावा हिस्सा. तर तेवढी वीज उतरवायला दहा तास लागणार! आणि हे काम बहुधा माळ भरत आल्यावरच सुरू होते. त्यातही लोह-फॉस्फेटच्या घटाची एक खोड अशी की, पाव भरला काय आणि पाऊण भरला काय, त्याचा दाब जवळजवळ तोच राहतो. तो भरला की नाही हे अगदी शेवटीच कळते. म्हणून अशी बॅटरी नेहमीच अर्धवट भरून काढून घेतली, तर कारभारणीला समान करायला वेळच मिळत नाही आणि तफावत महिन्यागणिक वाढत जाते. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत अधूनमधून पूर्ण भरून काही वेळ तशीच लावून ठेवा असे लिहिलेले असेल, तर त्याचे कारण हे आहे. पुस्तिका वाचण्याची आपल्याला सवय नाही, ही गोष्ट वेगळी.

कारभारीण असली म्हणजे सारे निभावले, असेही मानू नये. २०१३ च्या जानेवारीत बोइंगच्या ७८७ जातीच्या दोन विमानांत बॅटऱ्या जळाल्या. आठ घटांची माळ. लक्ष ठेवणारी यंत्रणा होती. पण बिघाड एका घटाच्या आतच झाला आणि शेजारी पसरला. जगभरची त्या जातीची सगळी विमाने जमिनीवर उतरवली गेली, त्यांत एअर इंडियाची सहा होती. घटाच्या पोटातला दोष बाहेरून समान करून जात नाही.

आपल्याकडे २०२२ साल वाईट गेले. मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली. सप्टेंबरात मुंबईच्या वेशीवर वसईला, घरात चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी पहाटे फुटली. जवळच झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी गेला. त्या बॅटरीत नेमका कोणता घट बिघडला, हे मला सांगता येणार नाही. पण बॅटरी झोपायच्या खोलीत होती, हे आपण सर्वांनी ऐकून ठेवावे. त्या वर्षीच्या घटनांनंतर केंद्र सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली आणि ए.आय.एस. १५६ या मानकात कडक दुरुस्त्या केल्या; त्या डिसेंबर २०२२ पासून आणि मार्च २०२३ अखेरपासून अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. घटांमध्ये पुरेसे अंतर, कारभारणीकडून पक्के संरक्षण, आत उष्णता भडकली तर दिवा आणि आवाजाने इशारा, कोणता घट कुठून आला याची नोंद, अशा त्या अटी. ही मानके छापून प्रसिद्ध करणारी ए.आर.ए.आय. ही संस्था आपल्या पुण्याचीच.

कायदा नव्या गाडीला लागतो. भंगारातल्या लॅपटॉपचे आणि रिक्षांचे घट काढून, त्यांची नवी माळ बांधून, वर निळे आवरण चढवून विकणारे कारागीर तालुक्याच्या गावांतही झाले आहेत. त्यांच्या हातात कसब असते, हे मी नाकारत नाही. पण कमी-अधिक वयाचे घट एका माळेत ओवणे ही आमच्या कॉलेजच्या समितीचीच चूक, आणि इथे पाणी उडून ती निभावत नाही. बॅटरी उघडलेली पाहायला मिळाली तर बारीक तारा मोजाव्यात. प्रत्येक घटाचा दाब मोजायचा तर माळेच्या प्रत्येक सांध्यावर एक तार हवी आणि दोन्ही टोकांना एकेक. म्हणजे एकापुढे एक तेरा घट असतील तर चौदा तारा. नुसत्या दोनच जाड तारा बाहेर आलेल्या आणि आत काहीच नाही, तर ती माळ कारभारणीवाचून आहे. फवारणी पंपाच्या स्वस्त बॅटऱ्यांत हे मुद्दाम पाहावे, आणि उघडण्याचे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावू नये. भिजलेली लावू नये. रात्रभर उशाशी तर नाहीच.

शिक्षकबंधूंसाठी एक प्रयोग सांगतो आणि थांबतो. लिथियमचे घट यासाठी घेऊ नयेत. विजेरीचे साधे, दीड व्होल्टचे कोरडे सेल घ्यावेत. दोन नवे आणि एक पार उतरलेला. तिघे एकसर जोडून त्यांवर विजेरीचा बल्ब लावावा. मंद का होईना, तो बहुधा लागेल. मग प्रयोगशाळेतला व्होल्टमीटर एकेका सेलवर धरून मुलांकडून आकडे लिहून घ्यावेत. पहिला सव्वा-दीड व्होल्ट दाखवील, दुसराही. तिसऱ्यावर काटा शून्यापाशी येईल. आणि तो सेल अगदीच संपलेला असेल, तर काटा शून्याच्याही डावीकडे झुकेल; दोन ताजे सेल मिळून त्या तिसऱ्यात उलटी वीज ढकलत असतात. वर्गातल्या मुलांनी हे एकदा डोळ्यांनी पाहावे. बल्ब पाच मिनिटांच्या आत काढून टाकावा, कारण तो सेल गळू लागतो.